‘गो ऑफ’ : अलार्म वाजला की बंद झाला?

अर्धविराम

मी यंत्रसामग्रीवर दुरून देखरेख ठेवण्याचे काम करतो. गेल्या आठवड्यात रात्रपाळीत असताना परदेशातील एका सहकाऱ्याचा संदेश आला : ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट टू.’ शाळेपासून माझ्या डोक्यात ‘ऑन’ म्हणजे चालू आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद हे समीकरण पक्के बसलेले असल्यामुळे दोन वाजता अलार्म बंद झाला, अर्थात जी काही अडचण होती ती मिटली, असा अर्थ मी घेतला. ‘उत्तम, बाकीचे सकाळी पाहू’ असे कळवून मी मोकळा झालो. पलीकडून बराच वेळ काहीच उत्तर आले नाही आणि नंतर थेट फोन आला. अलार्म बंद झाला नव्हता, तो दोन वाजल्यापासून वाजत होता. सुदैवाने नुकसान काही झाले नाही, परंतु माझी शोभा व्हायची ती झालीच.

त्यानंतर शब्दकोश उघडला तर गोंधळ अधिकच वाढला. दिवे ‘गो ऑफ’ होतात म्हणजे विझतात, अलार्म ‘गो ऑफ’ होतो म्हणजे वाजतो, बॉम्ब ‘गो ऑफ’ होतो म्हणजे फुटतो, दूध ‘गो ऑफ’ होते म्हणजे नासते आणि माणूस ‘गो ऑफ’ होतो म्हणजे निघून जातो. माझा प्रश्न असा की, या सगळ्यांच्या मुळाशी एखादा समान अर्थ आहे, की प्रत्येक अर्थ सुटा पाठ करण्याला पर्याय नाही?

वाचनमात्र

माझ्याकडे रोज सकाळी हे दोन्ही अर्थ एका मिनिटाच्या आत खरे ठरतात. आधी तो वाजतो आणि मग मी त्याला वाजण्याच्या लायकीचा ठेवत नाही.

तळटीप

अर्धविराम यांनी दिलेली यादी अपुरी आहे, म्हणून आधी ती पुरी करतो. कार्यक्रम, बैठक किंवा समारंभ ‘गो ऑफ वेल’ होतो, म्हणजे ठरल्याप्रमाणे नीट पार पडतो. नट रंगमंचावरून ‘गो ऑफ’ होतो, म्हणजे आत जातो. ब्रिटिश बोलीत मूल ‘गो ऑफ’ होते, म्हणजे त्याचा डोळा लागतो. एखादी व्यक्ती दुसऱ्या कुणाबरोबर ‘गो ऑफ विथ’ करते, म्हणजे आपल्या जोडीदाराला सोडून त्याच्याबरोबर निघून जाते. आणि हीच रचना वस्तूच्या बाबतीत आली की ती वस्तू न विचारता उचलून नेली असा अर्थ होतो. शेवटी ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’, म्हणजे कॉफी मला पूर्वी आवडत असे, आता ती नकोशी झाली आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने या शेवटच्या वाक्याची जात इतरांपेक्षा वेगळी आहे. बाकी सर्व ठिकाणी ‘गो ऑफ’ अकर्मक आहे : अलार्म, बॉम्ब, दूध, दिवे हे सगळे कर्ते आहेत आणि जे व्हायचे ते त्यांचे त्यांनाच होते. कॉफीच्या वाक्यात मात्र ‘ऑफ’च्या पुढे एक नाम येते आणि ते तिथून हलवता येत नाही. ‘आय वेंट ऑफ इट’ असेच म्हणावे लागते, ‘आय वेंट इट ऑफ’ असे म्हणता येत नाही.

खडूफळा

मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवते आहे आणि माझे मत स्पष्ट आहे : मूळ अर्थ शोधण्याच्या फंदात विद्यार्थ्याने पडू नये. ‘ऑफ’चा अर्थ ‘दूर’, त्यावरून दूध कसे नासते, असले स्पष्टीकरण नासलेले दूध समोर असताना फार सुंदर वाटते. पण ज्याला अर्थ आधी ठाऊक नाही त्याला त्या स्पष्टीकरणावरून अर्थाचा अंदाज कधीच बांधता येत नाही. उत्तर कळल्यानंतर सुचणारी युक्ती ही युक्ती नव्हे. प्रत्येक अर्थ एका पूर्ण वाक्यासकट पाठ करावा आणि पुढे जावे.

शब्दवेडी

खडूफळाताई, आपल्या अनुभवाचा आदर ठेवूनही मला असे वाटते की मराठी माणसाला इथे एक आयती मदत उपलब्ध आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ‘उडणे’ हे क्रियापद पाहा. तोफ उडाली, बार उडाला, भडका उडाला, या ठिकाणी जे दबून होते ते एकदम बाहेर पडले. बल्ब उडाला, फ्यूज उडाला, इथे जे चालू होते ते बंद पडले. रंग उडाला, अत्तराचा वास उडाला, इथे वस्तूतला गुण निघून गेला. त्याच्यावरून माझे मन उडाले, इथे ओढ संपली. हे चारही अर्थ ‘गो ऑफ’मध्ये जवळजवळ जसेच्या तसे सापडतात, आणि तरीही ‘उडणे’ला इतके अर्थ कसे, असा प्रश्न आपल्याला जन्मात कधी पडला नाही.

तोफेचे सुरू होणे आणि बल्बचे बंद पडणे हे दोन्ही आपण एकाच क्रियापदाने सांगतो आणि आपला गोंधळ होत नाही, याचे कारण अर्थ ठरवण्याचे काम कर्ता करतो. इंग्रजीतही तेच घडत असावे.

पेंगुळलेला

फक्त झोपेच्या बाबतीत दोन भाषांचे पटत नाही. इंग्रज मूल ‘गो ऑफ’ झाले की घर शांत होते, आणि मराठी मुलाची झोप उडाली की घरातल्या सगळ्यांची उडते.

तळटीप

शब्दवेडी यांची तुलना मला आवडली, परंतु गोंधळ होतच नाही हे विधान थोडे घाईचे आहे. ‘किल्ल्यावरची तोफ उडाली’ या वाक्यात तोफेने गोळा सोडला, की शत्रूच्या माऱ्यात तोफच नष्ट झाली? दोन्ही अर्थ निघतात. संदर्भ हाताशी असतो म्हणून आपण निभावून नेतो.

शिवाय ज्या अलार्मवरून हा धागा निघाला, तो मराठीत उडतच नाही. तो वाजतो किंवा होतो. ‘पहाटे गजर झाला’ असे आपण म्हणतो. म्हणजे जिथे अडचण आहे नेमक्या तिथेच ही तुलना हात टेकते.

शब्दवेडी

तोफेचे मान्य. गजराचेही मान्य. मनाचे मात्र मी सोडणार नाही. आणि ‘उडणे’ नको असेल तर ‘उतरणे’ घ्या. भाजी उतरली म्हणजे ती खराब व्हायला लागली, आणि माणूस मनातून उतरला म्हणजे तो आवडेनासा झाला. इंग्रजीने या दोन्ही गोष्टींसाठी ‘गो ऑफ’च वापरले आहे. दोन भाषांना अन्नाच्या आणि माणसाच्या बाबतीत एकच प्रतिमा सुचावी, हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही.

जुनी पोथी

मुळाचा शोध घ्यायचाच असेल तर आधी ‘ऑफ’ म्हणजे ‘बंद’ हे समीकरण बाजूला ठेवावे लागेल, कारण तो अर्थ नंतरचा आहे. इंग्रजीत एका एफचा ‘ऑव्ह’ आणि दोन एफांचा ‘ऑफ’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार होते. आघाताशिवाय उच्चारला जाणारा शब्द षष्ठीच्या प्रत्ययासारखा दुबळा होत गेला, आणि आघात घेऊन उच्चारला जाणारा शब्द ‘पासून दूर, सुटून, अलग’ हा जुना ठसठशीत अर्थ राखून राहिला. लेखनात या दोघांची पक्की फारकत व्हायला सतरावे शतक उजाडावे लागले.

याचा एक गमतीदार पुरावा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात आहे. त्याच्या १६०४-०५ मधील दुसऱ्या क्वार्टो (म्हणजे कागद दोनदा दुमडून छापलेल्या लहान आकाराच्या) आवृत्तीत, पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, तुताऱ्या वाजतात आणि दोन तोफा उडतात अशी रंगसूचना येते. तिथे क्रियापद ‘गो ऑफ’ हेच आहे, फक्त ‘ऑफ’ एकाच एफने छापलेला आहे. विजेची बटणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, आणि तोफा ‘गो ऑफ’ होत होत्या त्या निदान अडीचशे वर्षे आधीपासून. त्या काळच्या माणसाला ‘ऑफ’ ऐकून बटण आठवण्याचे काही कारणच नव्हते. त्याच्या दृष्टीने तोफ आपल्या दबलेल्या, सज्ज स्थितीतून सुटली, एवढेच.

बंदुकीच्या घोड्याचाही इथे संबंध आहे. चकमकीच्या बंदुकीत घोडा अर्धा ओढून अडकवण्याची सोय असे. त्या स्थितीत बंदूक उडू नये अशी अपेक्षा असे, पण एखादी उडायची. त्यावरून ‘गो ऑफ हाफ-कॉक्ड’ हा वाक्प्रचार आला. पूर्वतयारी न करता उतावळेपणाने काही करून बसणे, असा त्याचा आजचा अर्थ आहे.

अर्धविराम

मी त्या रात्री जे उत्तर पाठवले त्याचे वर्णन करायला हाच वाक्प्रचार योग्य दिसतो.

सायंशाखा

या चर्चेत तो जुना श्लोक अजून कसा आला नाही, याचे आश्चर्य वाटते : ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ उपसर्ग धातूच्या अर्थाला बळाने दुसरीकडे ओढून नेतो. ‘हृ’ हा एकच धातू, पण त्याला ‘प्र’ लागला की मार बसतो, ‘आ’ लागला की जेवण मिळते, ‘वि’ लागला की फिरायला जाता येते आणि ‘सम्’ लागला की सर्वनाश होतो. इंग्रजांनी नवीन काहीही केलेले नाही, आपल्याकडे जे आधी लागते ते त्यांनी नंतर लावले आहे.

खडूफळा

श्लोक सुरेख आहे, परंतु तो माझीच बाजू मांडतो. ‘बलात्’ हा शब्द लक्षात घ्यावा : अर्थ तर्काने नव्हे, बळाने ओढून नेला जातो. ‘वि’ आणि ‘हृ’ यांचे अर्थ ठाऊक असलेल्या कुणाला त्यावरून ‘विहार’चा अर्थ सुचेल काय? तो ऐकूनच शिकावा लागतो. शिवाय उपसर्ग धातूला कायमचा चिकटतो, तर इंग्रजीतला हा शब्द सुटा राहतो आणि कधी कधी कर्माच्या पलीकडे जाऊन बसतो.

या सगळ्या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नावसुद्धा तसे अलीकडचे आहे. निबंधकार लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते १९२५ साली रूढ केले आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नमूद केले. नाव नव्हते तेव्हाही लोक या क्रियापदांनी बोलत होतेच, आणि ते ती ऐकूनच शिकले होते.

निद्रानाश

कर्माच्या पलीकडे बसण्याचा मुद्दा निघालाच आहे तर एक शंका विचारतो. ‘चोराने अलार्म वाजवला’ हे ‘गो ऑफ’ वापरून कसे म्हणावे? मी एकदा ‘द थीफ वेंट ऑफ द अलार्म’ असे लिहिले होते आणि वाचणाऱ्याने चोराला आता अलार्म आवडत नाही का, असे विचारले होते.

तळटीप

वाचणाऱ्याची शंका व्याकरणाला धरून होती, कारण आपले वाक्य कॉफीच्या वाक्यासारखे झाले आहे. ‘गो ऑफ’चे प्रयोजक रूप ‘सेट ऑफ’ आहे : चोर अलार्मला ‘सेट ऑफ’ करतो आणि त्यामुळे अलार्म ‘गो ऑफ’ होतो. वाजणे आणि वाजवणे यांतला फरक आपण प्रत्ययाने दाखवतो, तो इंग्रजी इथे क्रियापदच बदलून दाखवते. फटाके किंवा बंदूक असेल तर ‘लेट ऑफ’ही चालते. या दोन्हींत सर्वनाम मधे बसते, म्हणजे ‘सेट इट ऑफ’ म्हणावे, ‘सेट ऑफ इट’ म्हणू नये. गंमत अशी की ‘सेट ऑफ’ एकटाच आला, त्याला कर्म नसले, तर प्रवासाला निघणे असा अर्थ होतो. चोराला दोन्ही क्रिया एकापाठोपाठ एक कराव्या लागतात.

दूरस्थ

देशादेशांतला फरक नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. दूध ‘गो ऑफ’ होणे आणि माणसावरून मन ‘गो ऑफ’ होणे हे दोन्ही प्रयोग प्रामुख्याने ब्रिटिश आहेत. अमेरिकन माणूस दुधाला बहुधा ‘गो बॅड’ किंवा ‘स्पॉइल’ म्हणेल. उलट ‘गो ऑफ ऑन समवन’, म्हणजे एखाद्यावर संतापून तोंड सोडणे, हा प्रयोग अमेरिकन बोलीतला आहे. म्हणजे ‘ऑन’ हा एक शब्द वाढला की नावड जाऊन संताप येतो. अलीकडच्या तरुणांच्या बोलीत एखाद्याने अप्रतिम गायले किंवा नाचले तरी तो ‘गो ऑफ’ झाला असे कौतुकाने म्हणतात. अलार्म वाजणे आणि दिवे विझणे मात्र दोन्हीकडे सारखेच आहे, त्यामुळे अर्धविराम यांना देशाचे कारण पुढे करता येणार नाही.

जुनी पोथी

मूळ प्रश्नाकडे परत येतो. खडूफळा यांचे म्हणणे अर्धे मान्य करूनही मला असे वाटते की निदान सुरू होणे आणि बंद पडणे या दोन अर्थांपुरता एक नियम सांगता येतो. वस्तूची स्वाभाविक स्थिती कोणती, हे आधी पाहावे. जी वस्तू चालू स्थितीत काम करते आणि चालू राहणे हेच जिचे कर्तव्य आहे, जसे दिवे, वीजपुरवठा, खोली गरम ठेवणारी यंत्रणा, ती आपल्या त्या स्थितीतून सुटली की बंद पडते. जी वस्तू गप्प राहून एका क्षणाची वाट पाहत असते, जसे बंदूक, बॉम्ब, फटाका, अलार्म, ती आपल्या स्थितीतून सुटली की आवाज करते. ‘ऑफ’चा अर्थ दोन्हीकडे एकच आहे : होती त्या स्थितीतून सुटली. सुरू होणे की बंद होणे, हे सुटण्याआधी ती कुठे होती यावर ठरते.

खडूफळा

दिवा विझणे आणि अलार्म वाजणे हे दोन्ही अर्थ आपल्याला आधी ठाऊक होते, म्हणून नियम बसला. जिचा अर्थ अजून या धाग्यात आलेला नाही, अशी एखादी वस्तू घेऊन नियम चालवून दाखवावा.

जुनी पोथी

आव्हान स्वीकारतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश घ्या. तो दिवाच आहे, प्रकाश देतो, त्यामुळे केवळ ‘दिवा’ या शब्दावरून जाणारा माणूस ‘द फ्लॅश वेंट ऑफ’ याचा अर्थ फ्लॅश विझला असा करील. माझा नियम सांगतो की फ्लॅश सतत जळण्यासाठी नसतो. तो ऊर्जा साठवून क्षणाची वाट पाहत असतो, म्हणून तो बंदुकीच्या गटातला आहे. म्हणजे अर्थ ‘फ्लॅश चमकला’ असा असला पाहिजे, आणि तो तसाच आहे. दोन्ही वस्तू दिवेच, क्रियापद तेच, आणि अर्थ नेमके उलटे.

खडूफळा

फ्लॅशचे उदाहरण चांगले आहे. उद्या वर्गात वापरीन. दुधाला मात्र आपला नियम लागू होत नाही, आणि ‘बैठक गो ऑफ वेल झाली’ तिथे तर बैठक कोणत्या स्थितीतून सुटली हे देवच जाणे.

वाचनमात्र

बैठकीतून माणसे सुटतात.

सूचनाफलक

मी यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका लिहितो, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. वरचा नियम वाचण्यासाठी उपयुक्त आहे. लिहिण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. ‘द अलार्म गोज ऑफ आफ्टर टेन मिनिट्स’ हे वाक्य पाहा. दहा मिनिटांनी अलार्म वाजू लागतो, की दहा मिनिटे वाजून आपोआप थांबतो? सर्वसाधारणपणे पहिला अर्थ घेतला जाईल, परंतु वाक्य यंत्राच्या माहितीपत्रकात असेल तर दुसराही तितकाच संभवतो, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माझ्या सहकाऱ्यांतही यावरून वाद झालेला मी पाहिला आहे.

त्यामुळे जिथे सुरक्षेचा संबंध आहे अशा मजकुरात मी अलार्मच्या बाबतीत ‘गो ऑफ’ अजिबात वापरत नाही. वाजण्यासाठी ‘साउंड’ आणि थांबण्यासाठी ‘स्टॉप’ वापरतो. त्याहून धोक्याचे वाक्य म्हणजे ‘द अलार्म इज ऑफ’. यात क्रियापद बदलले आहे आणि अर्थ पूर्ण उलटला आहे : इथे अलार्म खरोखरच बंद आहे. ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला आणि ‘इज ऑफ’ म्हणजे वाजणारच नाही. दिव्यांच्या बाबतीत असे होत नाही. दिवे ‘वेंट ऑफ’ झाले की नंतर ते ‘ऑफ’ असतात. दूधही तसेच : ते ‘गो ऑफ’ झाले की ‘ऑफ’ असते, म्हणजे नासलेले असते. अलार्म ‘गो ऑफ’ होऊनही ‘ऑफ’ होत नाही. अर्धविराम यांची चूक याच ठिकाणी झाली आहे. त्यांनी घटना सांगणारे वाक्य स्थिती सांगणाऱ्या वाक्यासारखे वाचले.

शब्दवेडी

‘गो ऑफ’ झाल्यावर ती वस्तू ‘ऑफ’ राहते का, ही कसोटी मला आतापर्यंतच्या सर्वांत उपयोगी वाटली. बंदूक, बॉम्ब आणि फ्लॅश तिच्यात नापास होतात. दिवे, वीज आणि दूध उत्तीर्ण होतात.

परस्परविरोधी अर्थ एकाच शब्दात नांदण्याची सवय आपल्यालाही आहे, हे जाता जाता नोंदवते. ‘वाढणे’ म्हणजे मोठे होणे, पण बांगडी वाढली म्हणजे ती फुटली. तिथे अशुभ टाळण्यासाठी शब्द उलटा केला गेला. इंग्रजीत कुणी काही टाळलेले नाही, एकच शब्द दोन वाटांनी चालत गेला आहे.

निद्रानाश

सूचनाफलक यांच्या कसोटीने माझे मांजर तपासले. ते ‘गो ऑफ’ झाले, आणि आता ते ‘ऑफ’ आहे की नाही, हे ते परत आल्यावर कळेल.

अर्धविराम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वस्तूची मूळ स्थिती पाहण्याचा नियम आणि नंतरच्या ‘ऑफ’ची कसोटी, या दोन्ही गोष्टी मी टेबलासमोर लिहून चिकटवल्या आहेत. त्यांचा उपयोग इतक्या लवकर करावा लागेल असे मात्र वाटले नव्हते.

काल रात्री त्याच सहकाऱ्याचा पुन्हा संदेश आला : ‘इट वेंट ऑफ अगेन.’ या वेळी मी उतावळेपणा केला नाही. अलार्म वाजतो आहे की वाजायचा थांबला आहे, असे स्पष्ट शब्दांत विचारले. उत्तर एकाच शब्दाचे आले : ‘बोथ.’ अलार्म वाजला होता, आणि कुणी हात न लावता आपोआप गप्पही झाला होता. अलार्मकडे जाणारी जोडणी सैल झाली असावी असा संशय आहे आणि आज ती तपासायची आहे.

तळटीप

त्या सहकाऱ्याला ‘अगेन’ नेमका कोणत्या ‘ऑफ’ला लागू होता, हेही विचारून ठेवावे. मागच्या वेळीही अलार्म आपोआप गप्प झाला असेल, तर जोडणी तेव्हापासूनच सैल आहे.